कॉलेजची पहिली फी : प्रीव्हियसच्या वर्गामागचे सोने

#थ्रेड

१/
महाराष्ट्रातील थोर पुरुषांच्या चरित्रांत एक प्रसंग वारंवार भेटतो. मुलगा मॅट्रिक होतो, घरात आनंद होतो आणि पाठोपाठ प्रश्न उभा राहतो : आता कॉलेजात पाठवायचे कशाच्या बळावर? पुढे कुठेतरी घरातल्या एखाद्या स्त्रीच्या दागिन्यांचा ओझरता उल्लेख येतो आणि चरित्र नायकाच्या मागे निघून जाते. या धाग्याचा विषय तो ओझरता उल्लेख आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची तयारी म्हणजे काय होते आणि तिची किंमत कोणी मोजली?

२/
आरंभ १८५७ पासून. त्या वर्षी १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे. विद्यापीठाच्या दारावरची परीक्षा म्हणजे मॅट्रिक्युलेशन. ती १८५९ मध्ये प्रथम झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या पदवीधरांतही हे दोघे होते.

३/
मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्गात बसे. पुढे या वर्गाला आणि त्याच्या परीक्षेला 'प्रीव्हियस' हे नाव रूढ झाले. जुन्या आत्मचरित्रांत 'प्रीव्हियसला नापास झालो' किंवा 'प्रीव्हियसला पुण्यास गेलो' अशी वाक्ये येतात, ती याच वर्गाविषयी. आज ज्याला आपण 'एफवाय' म्हणतो, त्याचा हा पणजोबा. या वर्गात पाऊल ठेवण्यासाठी चार गोष्टी जमवाव्या लागत : भाषा, वाट, अन्न आणि रोकड.

४/
पहिली तयारी भाषेची. खेड्यातला मुलगा आधी मराठी शाळेत शिके, मग इंग्रजी शाळेत जाई. गणित, इतिहास, सारेच पुढे इंग्रजीतून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी हे इंग्रजी घटवले. जोडीला संस्कृत किंवा फारसीसारखी अभिजात भाषा असे. मराठीला मात्र १८६० च्या दशकात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून बाहेर काढण्यात आले. तिला परत आणण्यासाठी रानडे दीर्घकाळ झगडले. एम.ए.च्या परीक्षेत तिचा प्रवेश व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

५/
दुसरी तयारी वाटेची. आरंभीच्या काळात मराठी मुलखात कॉलेज म्हणजे मुंबई किंवा पुणे. मुंबईत एल्फिन्स्टन आणि विल्सन. पुण्यात डेक्कन कॉलेज, १८६८ पासून येरवड्याच्या नव्या इमारतीत. कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे वर्ग १८८० मध्ये सुरू झाले, फर्ग्युसन १८८५ मध्ये. त्याआधी रत्नागिरीतून भांडारकर आणि कोल्हापुरातून रानडे मुंबईस आले, तेव्हा दोघेही कोवळ्या वयाचे होते. घर सोडणे हा शिक्षणाचाच एक भाग होता.

६/
ही वाट किती कठीण असे, ते धोंडो केशव कर्वे यांच्या उदाहरणावरून कळते. कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा १८७५ मध्ये एका परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. शंभर मैलांहून अधिक चाल. तिथे 'वय कमी दिसते' म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. वय खरे तर पुरेसे होते. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. मुंबईत शिकवण्या करून ते शिकले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले.

७/
तिसरी तयारी अन्नाची. परगावी शिकणाऱ्या गरीब मुलासाठी दोन जुन्या सोयी होत्या. एक माधुकरी : घरोघर जाऊन शिजलेले अन्न मागून आणणे. दुसरी वार लावून जेवणे : आठवड्याचे सात दिवस सात घरी. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. एखादा वार सुटला की त्या दिवशी उपास. या व्यवस्थेने अनेकांचे शिक्षण तारले. परंतु ती जातीच्या चौकटीत चाले. ज्या मुलाला त्या घरांच्या ओसरीवरही प्रवेश नव्हता, त्याला वार लावून देणार कोण?

८/
ज्यांना ही चौकट खुली होती, त्यांचेही हाल कमी नव्हते. गोपाळ गणेश आगरकर टेंभूचे. कराड, रत्नागिरी, अकोला असे भटकत शिकले आणि १८७५ मध्ये अकोल्याहून मॅट्रिक झाले. मग डेक्कन कॉलेज. अंगात घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच चढवायचा, अशी त्यांची हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. निबंध, बक्षिसे आणि शिष्यवृत्ती यांच्या आधारावर त्यांनी कॉलेजची वर्षे काढली.

९/
याच कॉलेजात थोडे आधी, १८७३ मध्ये, बाळ गंगाधर टिळक दाखल झाले होते. प्रकृती किरकोळ, म्हणून त्यांनी पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालवले. व्यायाम, पोहणे आणि चांगला आहार. परीक्षेचा अभ्यास त्या वर्षी मागे पडला. ही गोष्ट नेहमी निश्चयाचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते खरेही आहे. पण एक वर्ष असे बाजूला ठेवण्यासाठी पाठीशी काहीतरी असावे लागते. आगरकरांना किंवा कर्व्यांना ती मुभा नव्हती.

१०/
चौथी तयारी रोकडीची. अन्न मागून मिळे, पुस्तक उसने मिळे. फी मात्र नाण्यांतच भरावी लागे आणि ठरलेल्या दिवशी. तेव्हा शैक्षणिक कर्ज नावाची वस्तू नव्हती. जमीन असली तरी बहुधा एकत्र कुटुंबाची, तीवर पैसा उभा करायला भाऊबंदांची संमती हवी. पगार असला तर महिन्याचा खर्च जेमतेम निघे. घरात एकच वस्तू अशी होती की जी सावकाराकडे नेली की तासाभरात रुपये हाती येत : बायकांच्या अंगावरचे सोने.

११/
इथे थोडे धर्मशास्त्र. दागिने हे 'स्त्रीधन', म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या हक्काचे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की दुष्काळात, आवश्यक धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा बंदिवासात नवऱ्याने ते वापरले, तर परत देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ही यादी पुरेशी स्पष्ट आहे. तीत मुलाची किंवा दिराची कॉलेजची फी कुठेही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या घरांनी मात्र ती यादीत गुपचूप भरली. शिक्षण हे नवे धर्मकार्य ठरले.

१२/
उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव स्वतःचे शिक्षण सोडून नोकरीस लागले. पगार महिना १५ रुपये. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत संपूर्ण घर. कोल्हापुरातही काटकसर अशी की दिव्याचे तेल वाचवण्यासाठी गोपाळ रस्त्याच्या कंदिलाखाली वाचत बसे, असे सांगतात.

१३/
१८८१ मध्ये गोखले मॅट्रिक झाले. घरची स्थिती पाहून आता नोकरी धरावी, असे त्यांच्या मनात होते. बंधू आणि वहिनी यांनी ते ऐकले नाही. कॉलेजच्या खर्चासाठी वहिनी स्वतःचे दागिने द्यायला पुढे झाल्या. गोखले राजाराम कॉलेजात दाखल झाले, मग पुणे आणि मुंबई, आणि १८८४ मध्ये अठराव्या वर्षी पदवीधर. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावरची त्यांची भाषणे गाजली. एका रुपयात काय काय बसवता येते, याचा पहिला धडा त्यांनी घरच्या अंदाजपत्रकात घेतला होता.

१४/
दुसरे घर परळचे. रामजी सकपाळ निवृत्त सुभेदार, उत्पन्न तुटपुंज्या पेन्शनचे. मुलाला पुस्तकांचा नाद. पुस्तक हवे म्हटले की रामजी आधी धाकट्या विवाहित मुलीकडे जाऊन तीन-चार रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जात. ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून परत केला जाई. ही आठवण सांगणारा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

१५/
भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९०८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पुढे घरची शक्ती संपली तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे दिले. पण त्याच कॉलेजातला उपाहारगृहवाला त्यांना चहा किंवा पाणी देत नसे. बहिणीच्या दागिन्याने पुस्तक विकत घेता आले. पाण्याचा पेला कोणत्याही सोन्याने विकत मिळत नव्हता.

१६/
या सगळ्या चित्रातला मूळ प्रश्न १८८२ मध्येच जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, असे त्यांचे म्हणणे होते. शिष्यवृत्त्यांविषयीचा त्यांचा मुद्दा आजही नेमका वाटतो. स्पर्धेने दिलेली शिष्यवृत्ती तत्त्वतः न्याय्य दिसते, परंतु ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही त्यांच्यापर्यंत ती जात नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या त्या वर्गांसाठी वेगळ्या असाव्यात, असे त्यांनी सुचवले.

१७/
अन्न आणि निवारा या दोन तयाऱ्या घराबाहेर काढून समाजाच्या जबाबदारीत आणल्या त्या शाहू महाराजांनी. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. ज्यांना कोणी वार लावून देत नव्हते, त्यांना आता हक्काचे ताट मिळाले. पुण्यात १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने माधुकरी मागणाऱ्या मुलांना असाच संस्थेचा आधार दिला.

१८/
आता ज्यांचे दागिने गहाण पडत होते, त्यांच्याकडे वळू. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या १८८३ मध्ये. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस निघाल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाले. डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत एकट्या शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुणवत्तेत त्या अग्रभागी होत्या. त्या यशाबरोबर मिळणारी विलायतेची शिष्यवृत्ती मात्र स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली.

१९/
सोराबजींच्या घरी आईवडील दोघेही शिक्षणकार्यात होते. असे घर विरळा. सामान्य घरातल्या मुलीला इंग्रजीची वर्षानुवर्षांची तयारी करायला उसंतच नसे, कारण त्या वयात लग्न आणि संसार येई. हे ओळखून मुरुडच्या त्याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले.

२०/
दागिन्यांच्या या इतिहासातील सर्वांत उंच जागा लक्ष्मीबाई पाटील यांची. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. मुलांच्या पोटापाण्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले. एकदा कोठीत धान्य उरले नाही तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. गोखल्यांच्या वहिनींचे सोने दिरासाठी होते, आंबेडकरांच्या बहिणीचे भावासाठी. लक्ष्मीबाईंचे सोने ज्यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते, अशा मुलांसाठी गेले. १९३० मध्ये त्या वारल्या.

२१/
१९४७ मध्ये रयतने साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. तिथे 'कमवा व शिका' ही पद्धत राबवली गेली. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर काम करायचे आणि त्या श्रमावर शिकायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची तयारी म्हणून आता आईच्या पाटल्या गहाण टाकण्याऐवजी मुलगा स्वतःचे हात पुढे करू शकत होता. रोकडीचा प्रश्न दागिन्यांवरून श्रमावर सरकला.

२२/
जवळपास त्याच वेळी डॉ. आंबेडकर हेच काम दुसऱ्या टोकाकडून करत होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे सकाळी वर्ग भरत. नोकरी सोडून शिकणे ज्याला परवडत नाही, त्याने शिकून मग कामावर जावे, हा हेतू. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांनी कॉलेज सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या मुलांना तोवर उच्च शिक्षणासाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे.

२३/
यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी फीमाफी आली. ती 'ईबीसी' या नावाने घराघरांत पोहोचली. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणणे, हा कॉलेजच्या तयारीचा नवा विधी झाला. त्या दाखल्यासाठीचे हेलपाटे अनेकांनी सोसले आहेत. तरीही फरक मोठा होता. सावकाराकडे दागिना ठेवताना मान खाली घालावी लागे, कचेरीच्या रांगेत उभा राहणारा आपला हक्क मागत होता.

२४/
मात्र हे परिवर्तन पूर्ण झालेले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक प्रवर्गांतल्या, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली. प्रवास ज्यांच्या पाटल्यांपासून सुरू झाला, त्यांच्या पणतींपर्यंत तो आला. पण शुल्क माफ झाले तरी शहरातली खोली, मेसचा डबा, बसचा पास आणि इंग्रजीची धास्ती उरतेच. म्हणजे भाषा, वाट, अन्न आणि रोकड. चारही शब्द जुनेच.

२५/
गोखल्यांच्या वहिनींविषयी, आंबेडकरांच्या थोरल्या बहिणीविषयी चरित्रांत फार थोडे सापडते. त्या काय शिकल्या असत्या, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. येत्या जून-जुलैत लाखो मुले-मुली कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवतील. कागदपत्रांच्या फाईलमध्ये गुणपत्रिका, दाखले, छायाचित्रे असतील. वाचकहो, आपापल्या घरात ती पहिली फी कोणी आणि कशी उभी केली, हे एकदा आजीला किंवा आईला विचारून पाहा. आणि जमल्यास, त्या नसत्या अडल्या तर काय शिकल्या असत्या, तेही विचारा. उत्तर मिळाले की त्यांच्या नावासह लिहून ठेवा.

(धागा समाप्त)